इफनंतर विल नको

मखमलाबाद नाक्यावर, पिठाच्या गिरणीच्या वर
आमचा इंग्रजीचा क्लास. संध्याकाळी सात ते आठ.
खाली बाजरी पडली की वर फळा थरथरतो
आणि गायधनी मॅडमचं व्याकरण
पिठासारखं आमच्या केसांवर बसतं.

पहिल्या दिवशी उभी राहिले, म्हणाले,
"मायसेल्फ शैला खैरनार."
मॅडम माझ्या धाकट्या लेकीपेक्षा लहान.
म्हणाली, "काकू, मायसेल्फ नको. आय ॲम पुरे."
पन्नाशीत कुणीतरी सांगितलं
की मी आहे, एवढं पुरे.

मला इंग्रजी हवं ते द्राक्षांसाठी.
दिंडोरी रोडच्या पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर.
रॉटरडॅमहून मेल येतो, देठ तपकिरी का,
मणी अठरा मिलिमीटरचा का नाही.
मी लिहायचे, "वी विल डिस्कस अबाउट इट अँड रिप्लाय बॅक."
मॅडमने अबाउट काढला, बॅक काढला,
आमच्या पोरी घडातले दाटलेले मणी कात्रीने काढतात तसा,
उरलेल्यांना फुगायला जागा व्हावी म्हणून.

वहीत लाल शाईने:
ही डोन्ट नाही, ही डझन्ट.
एकट्या माणसाच्या क्रियापदाला एस लागतो, घोळक्याच्या नाही.
कझिन ब्रदर नाही, नुसतं कझिन.
म्हणजे मामेभाऊ की चुलतभाऊ ते ज्याचं त्याने ओळखायचं.
नदीला द लागतो, गावाला लागत नाही.
द गोदावरी. नाशिक.
आम्ही तर सरळ गंगेवर जाऊन येतो म्हणतो,
तिला गोदावरी म्हणणारा बाहेरगावचा,
हे मी मॅडमला सांगितलं नाही.

मग फॅमिलीवर पाच वाक्यं.
"आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स."
"काकू, ब्रेकफास्ट हॅविंग. भाऊ हॅव.
आणि दोघं आहेत ना? नाहीतर हॅड लिहा."

गिरणी नेमकी तेव्हाच थांबली.

मला दोन भाऊ.
मराठीत एवढं म्हटलं की भागतं.
क्रियापदच नाही,
म्हणून कुणी विचारत नाही, आहेत की होते.

धाकटा निवृत्ती. गेल्या सिंहस्थात
तपोवनात एका आखाड्याला दूध घालायला जायचा.
एका सकाळी मोटारसायकल सापडली साधुग्रामात,
शेजारी किटल्या, स्वच्छ धुऊन उपड्या घातलेल्या.
चौकीवर आम्ही महिनाभर चकरा मारल्या.
इन्फर्मेशनला अनेकवचन नसतं, मॅडम म्हणते.
नसेल. आम्हाला एकवचनातही मिळाली नाही.

मी हे सगळं सांगितलं तेव्हा मॅडम काही बोलली नाही.
फळा पुसला, दोन वाक्यं लिहिली.
ही हॅज बीन टू काशी: गेला आणि परत आला.
ही हॅज गॉन टू काशी: गेला, अजून आलेला नाही.
दुसऱ्या वाक्याखाली खडू थोडा वेळ टेकवून ठेवला.
साहेबाच्या भाषेत यासाठी वेगळी जागा आहे,
याचं मला नवल वाटलं, आणि थोडा रागही आला.

सिन्स लावायचा त्या दिवसाला, जिथून मोजणी सुरू होते.
फॉर लावायचा मोजलेल्या वर्षांना.
आई शेवटपर्यंत त्या एका सकाळीच बसून होती.
वर्षं मोजायचं काम माझ्याकडे आलं.

आता तपोवनात पुन्हा जमीन सपाट करताहेत, खांब रोवताहेत.
गृहपाठात लिहिलं,
"इफ ही विल कम, आय विल रिटर्न बॅक हिज कॅन्स."
बॅक पुन्हा खोडलेला.
आणि समासात: इफनंतर विल नको. इफ ही कम्स.
एस विसरू नका, एकटा आहे.

सिटीबसची वाट बघत
ते वाक्य मी मराठीत म्हणून पाहिलं.
तो आला तर.
पुन्हा म्हटलं, सावकाश.
तो आला
तर.
आपल्याकडे माणूस आधी येतो,
तर मागून येतो.